टर्बो बसविण्याआधीचा हिशेब

छोटी मोटार वापरणाऱ्याच्या मनात काही वर्षांनी एक विचार हमखास डोकावतो. गाडी आकाराने सोयीची असते, अ‍ॅव्हरेज समाधानकारक असते, देखभालही आवाक्यातली असते. केवळ घाटात आणि महामार्गावर ओव्हरटेक करताना ती थोडी अधिक जोरकस असती तर बरे झाले असते, असे वाटत राहते. या 'थोड्या अधिक'साठी जे उपाय सुचविले जातात, त्यांत 'टर्बोचार्जर'चे आकर्षण सर्वांत मोठे आहे. मात्र शर्यतीसाठी गाडी तयार करणे आणि रोज कार्यालयात, बाजारात व मुलांच्या शाळेपर्यंत जाणाऱ्या गाडीला टर्बो बसविणे या दोन सर्वस्वी भिन्न गोष्टी आहेत. शर्यतीचे इंजिन एका मोसमापुरते टिकले तरी चालते. रोजच्या गाडीचे इंजिन दररोज सकाळी सुरू व्हावेच लागते. शिवाय भारतात अशा बदलाच्या आड कायदाही येतो. त्यामुळे पहिला सुटा भाग विकत घेण्यापूर्वी सगळा हिशेब कागदावर मांडणे आवश्यक ठरते.

टर्बो म्हणजे काय?

पेट्रोल इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकी मोठा भाग धुराबरोबर सायलेन्सरवाटे बाहेर जातो. हा वेगाने बाहेर पडणारा गरम वायू एका छोट्या चक्रावर सोडला, तर ते चक्र फिरते. त्याच दांड्यावर दुसऱ्या बाजूला बसविलेले चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात पाठविते. अधिक हवा आली की अधिक इंधन जाळता येते आणि तेवढ्याच आकाराच्या इंजिनातून अधिक शक्ती मिळते. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूशी याने १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. प्रवासी मोटारींत मात्र टर्बो येण्यास १९६२ साल उजाडले. त्या वर्षी अमेरिकेत 'ओल्ड्समोबिल जेटफायर' आणि 'शेव्हर्ले कॉर्व्हेअर मॉन्झा स्पायडर' या दोन गाड्या बाजारात आल्या.

त्यांपैकी जेटफायरची कथा रोजच्या गाडीसाठी टर्बोचा विचार करणाऱ्याने अवश्य लक्षात ठेवावी. तिच्या इंजिनाचे कॉम्प्रेशन १०.२५ इतके चढे होते. दाबलेल्या हवेमुळे इंजिनात ठोके पडू नयेत म्हणून पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण वेगळ्या टाकीतून फवारले जाई. ही टाकी मालकाने वेळोवेळी भरणे अपेक्षित होते. अनेक मालक ती भरावयास विसरत. टाकी रिकामी झाली की टर्बोचा दाब आपोआप मर्यादित होई आणि गाडी मंद पडे. अखेर दोन मोसमांतच या गाडीचे उत्पादन थांबले आणि पुढे अनेक गाड्यांचा टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसविण्यात आला. यंत्र हुशारीचे होते. ते रोज वापरणारा माणूस कसा वागतो, याचा विचार कमी पडला.

१९७८ च्या 'साब ९९ टर्बो'ने वेगळा मार्ग घेतला. लवकर फिरू लागणारा टर्बो आणि ठरावीक दाबानंतर जादा धूर बाजूने सोडून देणारी 'वेस्टगेट' ही झडप यांच्या साहाय्याने तिला मधल्या वेगात जोर देण्यात आला. नियोजनाची दिशा आजही हीच आहे. रोजच्या वापरात इंजिन बहुतांश वेळ मिनिटाला दोन ते चार हजार फेऱ्यांच्या दरम्यान फिरते. टर्बोचा उपयोग तेथे व्हावयास हवा. डायनोच्या कागदावर दिसणारा सर्वांत मोठा आकडा हे रोजच्या गाडीचे उद्दिष्ट होऊ शकत नाही.

एका परिचित गाडीचे गणित

उदाहरणादाखल मे २००५ मध्ये भारतात आलेली पहिल्या पिढीची मारुती स्विफ्ट घेता येईल. तिचे १,२९८ घनसेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन ६,००० फेऱ्यांना ८७ अश्वशक्ती आणि ४,५०० फेऱ्यांना ११३ न्यूटन मीटर टॉर्क देत असे. याच घराण्यातील १.३ लिटर इंजिन 'एस्टीम'मध्येही होते. २०१० मध्ये १.२ लिटरचे 'के सीरिज' इंजिन येईपर्यंत ही स्विफ्ट विकली गेली. ती वजनाने हलकी, दुरुस्तीला सोपी आणि सुटे भाग सहज मिळणारी असल्याने हौशी मंडळींत प्रिय आहे.

पहिला हिशेब हवेचा. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांत एकदा सर्व सिलिंडर हवेने भरतात. म्हणजे ६,००० फेऱ्यांना इंजिन मिनिटाला सुमारे ३,९०० लिटर हवा ओढू शकते. प्रत्यक्षात सिलिंडर पूर्ण भरत नाहीत. ८५ टक्के भरतात असे धरल्यास ३,३०० लिटर हवा मिळते. ३० अंश तापमानाला तिचे वजन सुमारे ३.८ किलो भरते. मिनिटाला एक किलो हवेमागे साधारण २२ अश्वशक्ती मिळते, असा ढोबळ नियम आहे. त्यानुसार उत्तर ८५ अश्वशक्तीच्या आसपास येते आणि ते कंपनीच्या आकड्याशी जुळते. गणित बरोबर असल्याची ही पहिली खूण.

आता वातावरणाच्या वर ०.४ बार, म्हणजे गॅरेजच्या भाषेत सुमारे सहा पीएसआय, इतका माफक दाब ठरविला तर हवेचा दाब १.४ पट होतो. मात्र दाबलेली हवा तापते आणि तापलेली हवा विरळ होते. कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरल्यास ३० अंशांची हवा सुमारे ७४ अंशांवर पोहोचते. इंटरकूलरने ती ४५ अंशांपर्यंत खाली आणली, तर हवेचे वजन मूळच्या साधारण १.३३ पट, म्हणजे मिनिटाला ५.१ किलो होते. त्यातून सुमारे ११३ अश्वशक्ती आणि १५० न्यूटन मीटरच्या आसपास टॉर्क अपेक्षित धरता येतो. म्हणजे पंचवीस-तीस अश्वशक्तीची भर पडते. ऐकावयास हा आकडा लहान वाटतो. परंतु सुमारे एक टन वजनाच्या गाडीत तो स्पष्ट जाणवतो आणि मूळ पिस्टन व कनेक्टिंग रॉड यांना फारसे संकटात टाकत नाही.

दाब ०.७ बारवर नेल्यास हीच हवा १०० अंशांच्या पुढे जाते. तेथून पुढे मूळ पिस्टन, हेड गॅस्केट, क्लच आणि गिअरबॉक्स या सर्वांचा हिशेब नव्याने मांडावा लागतो. रोजच्या गाडीच्या नियोजनात थांबण्याची रेषा येथेच आखली जाते.

इंजिनाची प्रकृती आधी

टर्बो दुबळ्या इंजिनाला बळ देत नाही, त्याचा दुबळेपणा उघडा पाडतो. त्यामुळे कामाचा आरंभ कॉम्प्रेशन चाचणीने होतो. चारही सिलिंडरांच्या आकड्यांत दहा टक्क्यांहून अधिक तफावत असेल, तर आधी इंजिन उघडणे भाग आहे. ऑइल जळणे, रेडिएटरमधील पाणी कमी होणे, गाडी तापणे यांपैकी एकही तक्रार असल्यास टर्बोचा विचार तूर्त बाजूला ठेवणे श्रेयस्कर. ज्या गाड्या पंधरा-वीस वर्षे धावल्या आहेत त्यांच्याबाबतीत तर ही पायरी गाळताच येत नाही.

टर्बोची निवड

मोठा टर्बो उशिरा फिरू लागतो आणि ॲक्सिलरेटर दाबल्यावर जोर येण्यास विलंब होतो. अगदी छोटा टर्बो लवकर जागा होतो; पण वरच्या फेऱ्यांत त्याची दमछाक होते आणि तो हवा अनावश्यक तापवितो. मधला मार्ग काढण्यासाठी उत्पादकाने दिलेला 'कॉम्प्रेसर मॅप' पाहावा लागतो. त्यावर हवेचे वजन आणि दाबाचे गुणोत्तर यांचे बिंदू मांडले की निवड योग्य आहे का, हे कळते. वर काढलेले ५.१ किलो आणि १.४ हे आकडे याच कामासाठी आहेत. गॅरेट कंपनीच्या 'जीटी १२४१' या छोट्या टर्बोचा पल्ला कंपनीने ५० ते १३० अश्वशक्ती असा दिला आहे. उदाहरणातील गरज त्या पल्ल्याच्या वरच्या टोकाकडे, परंतु आत बसते.

प्रत्यक्षात मोह होतो तो वेगळ्याच गोष्टीचा. मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारांत डिझेल गाड्यांतून काढलेले टर्बो मिळतात. २००७ मध्ये आलेल्या डिझेल स्विफ्टच्या १.३ लिटर इंजिनातही 'केपी ३५' हा छोटा टर्बो होता. नाव स्विफ्टचेच, आकारही जवळचा, मग तोच बसवावा, असा युक्तिवाद केला जातो. त्यात दोन धोके आहेत. डिझेलचा धूर तुलनेने कमी तापमानाचा असतो. पेट्रोल इंजिनावर पूर्ण जोर असताना धुराचे तापमान साडेनऊशे अंशांच्या घरात जाऊ शकते आणि डिझेलसाठी घडविलेले चक्र व आवरण ते सोसतेच असे नाही. दुसरा धोका वेस्टगेटच्या स्प्रिंगचा. डिझेल टर्बोची वेस्टगेट बऱ्याच चढ्या दाबाला उघडण्यासाठी जुळविलेली असते. 'बूस्ट कंट्रोलर' दाब वाढवू शकतो, स्प्रिंगने ठरविलेल्या मर्यादेच्या खाली आणू शकत नाही. त्यामुळे ०.४ बार ठरविलेल्या गाडीत प्रत्यक्षात त्याच्या दुपटीहून अधिक दाब जाऊ शकतो. पिस्टन फुटल्यावर दोष टर्बोला दिला जातो. मूळ चूक निवडीची असते.

उष्णता आणि ऑइल

छोट्या टर्बोचा दांडा मिनिटाला दोन लाखांहून अधिक फेऱ्या घेऊ शकतो. तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. ऑइल दाबाने आत जाते, परंतु बाहेर पडते ते केवळ उताराने. त्यामुळे परतीची नळी रुंद, सरळ खाली जाणारी आणि ऑइलच्या पातळीच्या वर उघडणारी असावी लागते. ही नळी अरुंद किंवा वाकडी ठेवली तर ऑइल टर्बोतच साचते, सीलमधून गळते आणि गाडी निळा धूर सोडू लागते. सिंथेटिक ऑइल वापरणे, ते नेहमीपेक्षा लवकर बदलणे आणि महामार्गावरून आल्यावर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर सुरू ठेवणे, हे नियम घरातील प्रत्येक चालकाला ठाऊक हवेत. पाण्याने थंड होणारे मधले आवरण असलेला टर्बो निवडल्यास, विसराळूपणाची किंमत कमी मोजावी लागते. जेटफायरचा धडा येथे उपयोगी पडतो.

महाराष्ट्राच्या हवामानाचाही विचार हवा. चंद्रपूर-नागपूरच्या ४५ अंशांच्या उन्हात तोच ०.४ बारचा टर्बो हवेला ९० अंशांच्या पुढे नेतो. इंटरकूलर रेडिएटर आणि वातानुकूलन यंत्राच्या कंडेन्सरसमोर बसविला की त्या दोघांचा वारा अडतो; चढावर एसी सुरू असताना गाडी तापू लागते. वाहतूक कोंडीत तर इंटरकूलरला वाराच मिळत नाही. याउलट पावसाळ्यात, बंपरमागे खाली बसविलेला एअर फिल्टर तुंबलेल्या रस्त्यावरचे पाणी ओढून घेऊ शकतो आणि पाणी दाबले जात नसल्याने कनेक्टिंग रॉड वाकतो. फिल्टर उंचावर ठेवणे ही साधी गोष्ट या एका कारणाने निर्णायक ठरते.

लाभाची एक बाजूही आहे. महाबळेश्वरच्या सुमारे १,३५० मीटर उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण १५ टक्क्यांनी कमी असतो आणि साध्या इंजिनाची शक्ती जवळपास त्याच प्रमाणात घटते. टर्बोला ही तूट बऱ्याच अंशी भरून काढता येते. घाटात टर्बोची गाडी सरस वाटते ती यामुळेच.

पेट्रोल आणि संगणक

दाबलेली, तापलेली हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण ठिणगीच्या ज्वाळेची वाट न पाहता स्वतःच पेटले, की इंजिनात 'नॉकिंग' होते. हे ठोके काही सेकंदांतही पिस्टनची कड तोडू शकतात. ते टाळण्याचे उपाय तीन : अधिक ऑक्टेनचे पेट्रोल, थोडे जास्त इंधन आणि ठिणगी किंचित उशिरा पाडणे.

भारतात फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्के इथेनॉलमिश्रित पेट्रोलची विक्री टप्प्याटप्प्याने सुरू झाली आणि २०२५ पर्यंत ती सर्वदूर पोहोचली. इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढते, ही टर्बोच्या दृष्टीने जमेची बाजू. परंतु हे पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी हवा आणि इंधन यांचे गुणोत्तर शुद्ध पेट्रोलच्या १४.७ ऐवजी सुमारे १३.५ लागते, म्हणजे तेवढ्याच हवेमागे नऊ टक्के अधिक इंधन लागते. जुन्या गाड्यांतील रबरी नळ्या आणि सील या मिश्रणासाठी बनविलेल्या नसल्याने त्या बदलणेही आवश्यक ठरते. इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० मध्ये १०० ऑक्टेनचे पेट्रोल आणले, परंतु ते प्रत्येक पंपावर मिळत नाही. रोजची गाडी तालुक्याच्या पंपावर मिळेल त्या साध्या पेट्रोलवर सुरक्षित चालेल, अशीच जुळवावी लागते.

इंजेक्टरचा हिशेबही हवेवरून निघतो. पूर्ण जोरावर मिश्रण मुद्दाम समृद्ध ठेवले, तर ५.१ किलो हवेसाठी मिनिटाला सुमारे ४७० ग्रॅम इंधन लागते. ते चार इंजेक्टरांत वाटले आणि इंजेक्टर ८० टक्क्यांहून अधिक वेळ उघडे राहू नयेत हे पथ्य पाळले, तर प्रत्येकी मिनिटाला किमान २०० मिलिलिटर क्षमता हवी. थोडी सूट ठेवून २४० पर्यंतचे इंजेक्टर निवडता येतात. इंधनाचा दाब स्थिर तीन बार असलेल्या गाडीत टर्बोचा ०.४ बार दाब इंजेक्टरच्या तोंडावर उलट बाजूने येतो आणि प्रवाह सुमारे सात टक्क्यांनी घटतो, हेही विसरून चालत नाही.

या सर्वांना एकत्र बांधतो तो इंजिनाचा संगणक, म्हणजे 'ईसीयू'. साध्या इंजिनातील दाब मोजणारा सेन्सर सहसा वातावरणाच्या दाबापर्यंतच मोजतो; त्यापुढची हवा संगणकाला दिसतच नाही. म्हणून नवा सेन्सर आणि मूळ संगणकाला जोडलेला 'पिगीबॅक' किंवा पूर्ण स्वतंत्र ईसीयू बसवावा लागतो. मूळ ऑक्सिजन सेन्सर अचूक सांगतो ते १४.७ च्या आसपासच. समृद्ध मिश्रण तपासण्यासाठी 'वाइडबँड' सेन्सर लागतो. प्रत्येक पीएसआयमागे ठिणगी साधारण एक अंश उशिरा, असा ढोबळ नियम आरंभासाठी ठीक आहे. त्यानंतर डायनोवर, नॉकिंगवर कान ठेवून जुळणी करणारा जाणकार हवा. खर्चाची तोंडमिळवणी करताना टर्बो चांगला घेऊन या जुळणीत काटकसर केली जाते आणि बहुतेक इंजिने तेथेच बळी पडतात.

जोर वाढला, थांबण्याचे काय?

टॉर्क एक तृतीयांशाने वाढला की क्लच प्लेट घसरू लागते. ती आधीच बदललेली बरी. ब्रेकचा प्रश्न अधिक गंभीर आहे. ताशी १०० ऐवजी १२० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी थांबविताना ब्रेकना ४४ टक्के अधिक ऊर्जा शोषावी लागते. टायर, ब्रेक पॅड, ब्रेक ऑइल यांसाठी पैसे उरणार नसतील, तर टर्बोसाठीही पैसे नाहीत, असे समजावे.

कायद्याची भिंत

भारतात एवढे सर्व जुळवूनही मुख्य प्रश्न शिल्लक राहतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात ठरविलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील प्रकरणांत निकाल देताना या तरतुदीचा काटेकोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कायद्यातील कलम १८२ अ नव्या स्वरूपात आले. त्यानुसार परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. सीएनजीसारख्या वेगळ्या इंधनासाठी केलेल्या बदलाला कायद्यात वाट आहे आणि त्या किटना पुण्याच्या 'एआरएआय'सारख्या संस्थांकडून मान्यता घ्यावी लागते. हौसेने बसविलेला टर्बो या सवलतीत येत नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्नियात तपासून मान्य झालेल्या सुट्या भागाला सरकारी आदेश क्रमांक मिळतो, जर्मनीत अधिकृत तज्ज्ञाच्या तपासणीनंतर बदलाची नोंद गाडीच्या कागदपत्रांत होते. तशी सोय येथे नाही.

उदाहरणातील स्विफ्टपुढे आणखी एक अडचण आहे. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांपुरती असते. त्यानंतर पाच-पाच वर्षांच्या नूतनीकरणासाठी गाडी आरटीओच्या तपासणीला न्यावी लागते. २०१० पर्यंत विकल्या गेलेल्या या गाड्या आता त्या टप्प्यावर आहेत. विम्याचे संकट त्याहून मोठे. कंपनीला न कळविलेला बदल अपघातानंतर उघड झाला, तर दावा नाकारला जाण्याची शक्यता असते. समोरच्या माणसाला इजा झाली असेल, तर दंडाच्या पाच हजारांपेक्षा कितीतरी मोठी रक्कम मालकाच्या डोक्यावर बसू शकते.

शेवटी काय निवडावे?

रस्त्यावर चालणाऱ्या रोजच्या गाडीसाठी या हिशेबाचे उत्तर बहुधा कारखान्यातूनच टर्बो घेऊन आलेली गाडी हे येते. २०१३ मध्ये फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय आणि फोर्ड इकोस्पोर्टचे एक लिटरचे इंजिन आले. २०१७ मध्ये टाटा नेक्सॉन आणि मारुती बलेनो आरएस आल्या. यांपैकी पोलो, इकोस्पोर्ट आणि बलेनो आरएस आता जुन्या बाजारातच मिळतात. बलेनो आरएसचे ९९८ घनसेंटिमीटरचे इंजिन १०२ अश्वशक्ती आणि १,७०० ते ४,५०० फेऱ्यांदरम्यान १५० न्यूटन मीटर टॉर्क देत असे. कागदावरच्या स्विफ्टचे उद्दिष्टही एवढेच होते. फरक इतकाच, की येथे पिस्टन, संगणक, रेडिएटर एकमेकांसाठी घडविलेले होते, चारही चाकांना डिस्क ब्रेक होते आणि नोंदणी प्रमाणपत्र व विमा यांना बाधा नव्हती.

ज्यांना स्वतः टर्बो जुळविण्याचीच ओढ आहे, त्यांच्यासाठी कोइम्बतूरचा करी मोटर स्पीडवे किंवा चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टई येथील शर्यतीच्या मार्गांसारखी बंदिस्त जागा हे योग्य ठिकाण आहे. गाडी तेथे दुसऱ्या वाहनावर चढवून न्यावी आणि घरी कार्यालयात जाण्यासाठी वेगळी गाडी ठेवावी. हवा, उष्णता, इंधन आणि ब्रेक यांचे वर मांडलेले गणित तेथेही तसेच लागू पडते. फक्त चूक झालीच, तर तिची किंमत रस्त्यावरच्या दुसऱ्या कोणाला मोजावी लागत नाही.